स्वीडनचे निर्बंध आणि ज्येष्ठांचे आयुष्य : काय साधले, काय निसटले?

२०२० च्या मार्च महिन्यात जगातील बहुतेक देशांनी आपली दारे लावून घेतली. आपल्याकडे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायलाही कारण द्यावे लागू लागले. त्याच दिवसांत उत्तर युरोपातील स्वीडनमधून येणारी छायाचित्रे पाहून अनेक जण बुचकळ्यात पडले होते. स्टॉकहोममध्ये उपाहारगृहांबाहेर माणसे कोवळ्या उन्हात बसलेली, लहान मुले दप्तर घेऊन शाळेत निघालेली, दुकाने उघडी. कोणी म्हणाले, या देशाने आपल्या म्हाताऱ्यांचा बळी दिला. कोणी म्हणाले, साऱ्या जगात शहाणपण काय ते एवढ्या एकाच देशापाशी उरले आहे.

या गोष्टीला आता काही वर्षे लोटली आहेत. आकडे हाती आले आहेत, अधिकृत चौकशी पूर्ण झाली आहे, तरीही वाद मिटलेला नाही. निर्बंधांचा खरोखर उपयोग किती झाला, हा प्रश्न निघाला की दोन्ही पक्ष आजही स्वीडनचेच उदाहरण देतात, आणि एकाच देशाच्या आकड्यांवरून परस्परविरोधी निष्कर्ष काढतात.

आपल्या वाचकांनी या वादाकडे लक्ष का द्यावे? एक तर, स्वीडनमध्ये या साथीत प्राण गमावलेल्यांपैकी फार मोठा भाग सत्तरी ओलांडलेल्यांचा होता. दुसरे असे की, ज्येष्ठांचे रक्षण कशाने होते आणि कशाने होत नाही, हे त्या देशाने अतिशय प्रामाणिकपणे तपासून लिहून ठेवले आहे. पुढची साथ येईल तेव्हा, किंवा दर वर्षी फ्ल्यूचा हंगाम येतो तेव्हाही, हे ज्ञान प्रत्येक घराच्या उपयोगी पडणारे आहे.

स्वीडनने नेमके काय केले?

स्वीडनने काहीच केले नाही, हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. ११ मार्च २०२० रोजी तेथे या आजाराने पहिला मृत्यू झाला. त्याच सुमारास पाचशेहून अधिक लोकांच्या जाहीर कार्यक्रमांना बंदी घालण्यात आली आणि महिनाअखेरीस ही मर्यादा पन्नासवर आणली गेली. वरच्या वर्गांचे आणि विद्यापीठांचे शिक्षण घरून सुरू झाले. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळा मात्र उघड्या राहिल्या. उपाहारगृहांत उभे राहून खाण्यापिण्यास मनाई झाली. सत्तर वर्षांवरील नागरिकांना १६ मार्च रोजी सांगण्यात आले की, शक्यतो कोणाच्या निकट संपर्कात येऊ नका. १ एप्रिलपासून देशातील सर्व वृद्धनिवासांत नातेवाइकांच्या भेटी बंद करण्यात आल्या.

यांतील बहुतेक गोष्टी हुकूम नव्हत्या, त्या सूचना होत्या. याला कारण त्या देशाची घडण. तेथे शासकीय संस्था मंत्र्यांच्या रोजच्या आदेशाबाहेर राहून काम करतात, आणि शांततेच्या काळात आणीबाणी पुकारण्याची तरतूद त्यांच्या राज्यघटनेत नाही. त्यामुळे साथीचे सूत्रसंचालन बव्हंशी राष्ट्रीय जनस्वास्थ्य संस्थेकडे आणि तिचे मुख्य साथरोगतज्ज्ञ आंडेर्स टेग्नेल यांच्याकडे राहिले. माणसांना कारण समजावून सांगितले तर ती स्वतःहून वागणे बदलतील, आणि असा बदल दीर्घकाळ टिकेल, ही त्यांची भूमिका होती.

लोकांनी वागणे बदललेही. हजारो लोक घरून काम करू लागले, सार्वजनिक वाहनांतील गर्दी ओसरली, ईस्टरच्या सुट्टीतील प्रवास जवळपास थांबला. म्हणूनच “निर्बंध असलेले देश” आणि “निर्बंध नसलेला स्वीडन” अशी जी तुलना केली जाते, ती मुळातच पूर्ण खरी नाही. ही तुलना सक्तीचे निर्बंध आणि बव्हंशी स्वेच्छेचे निर्बंध यांच्यातील आहे.

पहिली तुलना : शेजाऱ्यांशी

डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंड हे स्वीडनचे शेजारी. हवामान, राहणीमान आणि आरोग्यसेवा या बाबतींत हे चारही देश बरेचसे सारखे. डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी ११ व १२ मार्च रोजीच शाळा बंद करण्यासह कडक उपाय जाहीर केले. फिनलंडने काही दिवसांतच आणीबाणीचा कायदा लागू केला आणि राजधानी हेलसिंकीचा प्रदेश काही आठवडे उर्वरित देशापासून वेगळा ठेवला.

२०२० च्या ऑगस्टअखेरचे आकडे पाहा. सुमारे एक कोटी तीन लाख लोकसंख्येच्या स्वीडनमध्ये मृत्यू झाले सुमारे ५,८००. डेन्मार्कमध्ये सुमारे सव्वासहाशे, फिनलंडमध्ये सव्वातीनशेहून थोडे अधिक, नॉर्वेत त्याहूनही कमी. या तीन शेजाऱ्यांची लोकसंख्या एकत्र केली तर ती स्वीडनच्या दीडपटीहून अधिक भरते, आणि त्यांचे मृत्यू एकत्र केले तर ते स्वीडनच्या एक चतुर्थांशाहूनही कमी होतात.

ही तफावत एवढी मोठी आहे की, मोजणीच्या पद्धतींमधील किरकोळ फरक दाखवून ती पुसून टाकता येत नाही. स्वतः टेग्नेल यांनी जून २०२० मध्ये स्वीडिश आकाशवाणीवरील मुलाखतीत मान्य केले की, तेव्हा हाती आलेले ज्ञान आधी असते तर स्वीडनने केले आणि बाकीच्या जगाने केले त्यांच्या मधला कुठला तरी मार्ग निवडला असता. डिसेंबरमध्ये राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांनी एवढे लोक दगावले हे आपले अपयश आहे, अशा शब्दांत दूरचित्रवाणीवर खंत व्यक्त केली. एरवी राजकीय विषयांवर मौन बाळगणाऱ्या राजाने असे बोलावे, ही त्या देशातील दुर्मिळ घटना होती.

दुसरी तुलना : साऱ्या युरोपाशी

पण प्रश्न येथे संपत नाही. काही अभ्यासकांनी दुसरी फुटपट्टी घेतली. आजाराच्या नावावर नोंदलेले मृत्यू बाजूला ठेवून त्यांनी “अतिरिक्त मृत्यू” मोजले. साथ आली नसती तर एखाद्या देशात साधारण किती माणसे दगावली असती याचा आधीच्या वर्षांवरून अंदाज घ्यायचा, आणि प्रत्यक्ष मृत्यू त्याहून किती जास्त झाले ते पाहायचे, अशी ही रीत आहे. चाचण्या कमी झाल्या किंवा नोंदी चुकल्या तरी या मोजणीत फारसा फरक पडत नाही.

२०२० ते २०२२ या तीन वर्षांची एकत्रित बेरीज अशा रीतीने केली, तेव्हा अनेक गणनांमध्ये स्वीडनचे नाव युरोपातील सर्वांत कमी अतिरिक्त मृत्यू झालेल्या देशांच्या पंक्तीत आले. दीर्घ आणि कडक टाळेबंदी पाळलेले इटली, स्पेन, ब्रिटन हे देश या यादीत स्वीडनच्या बरेच मागे राहिले. याच काळात प्राथमिक शाळा चालू ठेवल्यामुळे स्वीडनमधील लहान मुलांच्या वाचनकौशल्यात घसरण झाल्याचे आढळले नाही. अन्य अनेक देशांत अशी घसरण दिसली होती.

मग पहिली तुलना खरी की दुसरी? दोन्ही खऱ्या आहेत. पहिली तुलना साथीच्या पहिल्या लाटेची आहे, दुसरी तीन वर्षांच्या एकंदर हिशेबाची. २०२२ मध्ये नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड येथील निर्बंध उठले, ओमिक्रॉन पसरला आणि तेथील मृत्यूही वाढले. त्यामुळे शेजाऱ्यांमधील दरी काही प्रमाणात भरून आली.

यावर कोणी म्हणेल, “मग फरक काय पडला? जे आज गेले नाहीत, ते उद्या गेले.” ज्येष्ठ वाचकांना या वाक्यातील निष्ठुरता समजावून सांगण्याची गरज नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला मिळालेली दोन वर्षे म्हणजे नातवाचे लग्न, पतवंडाचे मुख, जोडीदारासोबतची आणखी दोन दिवाळ्यांची फराळाची ताटे. शिवाय मधल्या काळात लस आली. २०२० च्या वसंतात जे वाचले, त्यांतील पुष्कळांना २०२१ मध्ये लस मिळाली, आणि त्यानंतर गाठलेल्या संसर्गातून ते सुखरूप बाहेरही पडले. साथीत काळ पुढे ढकलणे म्हणजे केवळ अटळ गोष्ट लांबवणे नव्हे. औषध पोहोचेपर्यंत तग धरणे हाही मोठा उपचारच आहे.

आकडे वाचताना

या वादात आकडे कसे फसवू शकतात याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांत स्वीडनमध्ये सर्व कारणांनी मिळून सुमारे ५१ हजार मृत्यू झाले. १८६९ च्या दुष्काळानंतर एवढे मृत्यू पहिल्या सहामाहीत कधी झाले नव्हते, अशी बातमी जगभर पसरली. ती खरीच होती. पण १८६९ मध्ये स्वीडनची लोकसंख्या चाळीस-बेचाळीस लाख होती आणि २०२० मध्ये ती एक कोटीच्या वर होती, हे त्या मथळ्यातून कळत नव्हते. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर ही दोन वर्षे एका तराजूत घालता येण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या बाजूनेही अशीच गंमत झाली. २०१८ मध्ये स्वीडनमध्ये सुमारे ९२,२०० मृत्यू झाले, २०१९ मध्ये ते ८८,८०० पर्यंत खाली आले आणि २०२० मध्ये ९८,१०० वर गेले. २०१९ हे असाधारण सौम्य वर्ष होते. त्याच्याशीच तुलना केली तर २०२० भयंकर दिसते, अनेक वर्षांच्या सरासरीशी केली तर तितके भयंकर दिसत नाही. म्हणून “अमुक देशाचे धोरण यशस्वी ठरले” असे कोणी ठामपणे सांगू लागले, तर आपण दोन साधे प्रश्न विचारावेत. तुलना कोणाशी केली? आणि कोणत्या काळाशी?

नियम एक, निकाल दोन

स्वीडनमधील सर्वांत बोलका पुरावा मला त्या देशाच्या आतच सापडतो. २०२० च्या वसंतात राजधानी स्टॉकहोमचा प्रदेश साथीने होरपळून निघाला. दक्षिणेकडील स्कोना प्रदेश, ज्यात माल्मो हे मोठे शहर आहे, त्या मानाने पुष्कळच बचावला. दोन्हीकडे सूचना तशाच, शाळांचे नियम तेच, उपाहारगृहे तशीच उघडी. मग फरक कशाने पडला?

एक महत्त्वाचे कारण साधे, पण कोणाच्याही हाती नसलेले होते. स्वीडनमध्ये हिवाळ्याची शालेय सुट्टी प्रत्येक भागात वेगवेगळ्या आठवड्यात असते. गोथेनबर्गची सुट्टी फेब्रुवारीच्या मध्यावर झाली, स्कोनाची त्यानंतरच्या आठवड्यात, आणि स्टॉकहोमची सर्वांत शेवटी, फेब्रुवारी संपता संपता. या सुट्टीत हजारो कुटुंबे बर्फावरील खेळांसाठी इटली आणि ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वतात जातात. नेमक्या त्याच आठवड्यात तेथे संसर्ग वेगाने पसरत होता. स्टॉकहोमची कुटुंबे परतली ती नकळत विषाणू घेऊनच. पहिला नियम जाहीर होण्यापूर्वीच तेथे ठिणग्या पडून गेल्या होत्या.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, निर्बंधांचे यश ते किती कडक आहेत यापेक्षा कधी लागू झाले यावर अधिक अवलंबून असते. दुसरी म्हणजे, एखाद्या प्रदेशाचे भाग्य पुष्कळदा नियमांच्या आधीच ठरून जाते आणि श्रेय किंवा दोष मात्र नियमांना मिळतो.

वृद्धनिवासांच्या भिंतींआड

आता या साऱ्या चर्चेच्या गाभ्याकडे येऊ. स्वीडनच्या धोरणाचे एक मुख्य सूत्र होते : समाज चालू ठेवायचा, पण वृद्धांना जपायचे. हे सूत्र कागदावर सुंदर होते. प्रत्यक्षात त्याचे काय झाले?

सरकारने २०२० च्या उन्हाळ्यात निवृत्त न्यायाधीश मॅट्स मेलिन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला. त्याचा पहिला अहवाल १५ डिसेंबर २०२० रोजी आला आणि तो संपूर्णपणे वृद्धसेवेविषयी होता. तोपर्यंतच्या मृतांपैकी जवळजवळ नव्वद टक्के व्यक्ती सत्तर किंवा त्याहून अधिक वयाच्या होत्या. त्यांतील निम्म्या वृद्धनिवासांत राहत होत्या, आणि तीस टक्क्यांच्या आत-बाहेर व्यक्तींना घरी येऊन मदत करणाऱ्या सेवकांचा आधार होता. वृद्धांना जपण्याचा प्रयत्न फसला, असा निःसंदिग्ध निष्कर्ष आयोगाने काढला.

का फसला? येथे मनात ठसवण्याजोगी गोष्ट अशी की, नातेवाइकांच्या भेटी १ एप्रिलपासून बंदच होत्या. मुले, मुली, नातवंडे दाराबाहेर थांबली होती. विषाणू आत गेला तो रोज आत जाणाऱ्यांबरोबर. अंघोळ घालणारे, घास भरवणारे, कुशीवर वळवणारे हात बाहेरच्या समाजातून येत होते आणि बाहेर संसर्ग वाढत होता. समाजात साथ पसरली की ती वृद्धनिवासाच्या दारात थांबत नाही, हे आयोगाच्या मते सर्वांत मोठे कारण होते.

दुसरे कारण होते व्यवस्थेतील जुनी दुखणी. या सेवकांपैकी मोठा भाग तासांवर काम करणाऱ्यांचा होता. आज काम नाही तर आज पैसे नाहीत, अशी त्यांची स्थिती. घसा खवखवत असला तरी असा माणूस कामावर येतो, आणि अनेक ठिकाणी काम करत असेल तर अनेक ठिकाणी जातो. आजारपणाच्या पहिल्या दिवसाच्या कपातीची भरपाई सरकारने मार्चमध्येच देऊ केली, पण ज्यांना कामाचीच शाश्वती नव्हती त्यांचा प्रश्न त्याने पुरता सुटला नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मुखपट्ट्या, अंगरखे, चाचण्या यांचा तुटवडा होता. एकेका सेवकाच्या हाताखाली येणाऱ्या वृद्धांची संख्याही मोठी होती.

तिसरे कारण डॉक्टरांचे. १९९२ च्या सुधारणेनंतर स्वीडनमध्ये वृद्धनिवास नगरपालिका चालवतात, डॉक्टर मात्र प्रादेशिक परिषदांच्या सेवेत असतात. नगरपालिकांना स्वतःचे डॉक्टर नेमण्याची कायद्याने मुभा नव्हती. २९० नगरपालिका आणि २१ प्रदेश यांच्यामध्ये आजारी वृद्ध अडकला. आरोग्य आणि सेवा यांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय निरीक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदी तपासून दाखवून दिले की, संसर्ग झालेल्या वृद्धनिवासवासीयांपैकी सुमारे एक पंचमांश व्यक्तींचे डॉक्टरांनी स्वतंत्र मूल्यमापन केलेलेच नव्हते. डॉक्टरांनी खाटेपाशी येऊन तपासल्याची उदाहरणे तर फारच थोडी होती. बरेच निर्णय दूरध्वनीवरून झाले. ज्यांना कदाचित शिरेतून द्रव किंवा प्राणवायू देऊन वाचवता आले असते, अशा काहींच्या वाट्याला थेट अखेरच्या दिवसांची शामक सेवा आली.

हे सगळे टाळेबंदी होती की नव्हती या प्रश्नाच्या पलीकडचे आहे. कडक टाळेबंदी पाळणाऱ्या इटली, स्पेन, ब्रिटन या देशांतही वृद्धनिवासांत असाच हाहाकार झाला. समाजात संसर्ग कमी ठेवण्यात शेजारी देशांना यश आले, तिथे वृद्धही अधिक वाचले. पण संसर्ग एकदा पसरल्यावर वृद्धांना तेवढे बाजूला काढून सुरक्षित ठेवण्याची युक्ती कोणत्याही देशाला नीटशी जमली नाही.

भेटबंदीची किंमत

वृद्धनिवासांतील भेटींवरची बंदी सहा महिने चालली. ती १ ऑक्टोबर २०२० रोजी उठली. या सहा महिन्यांत अनेकांनी आपल्या आईला, वडिलांना, जोडीदाराला खिडकीच्या काचेतूनच पाहिले. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील माणसासाठी सहा महिने ही केवढी मोठी मुदत असते! स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तर काचेपलीकडचा माणूस हात का धरत नाही, हे समजावून सांगण्याचाही मार्ग नसतो.

सत्तरीवरील नागरिकांसाठीची वेगळी सूचना २२ ऑक्टोबर २०२० रोजी मागे घेण्यात आली. एकाकीपणाचे मनावर आणि शरीरावर होणारे परिणाम वाढत आहेत, हे त्यामागचे एक कारण होते. एका परीने ही निर्बंधांच्या मर्यादेची अधिकृत कबुलीच म्हणावी लागेल. दुर्दैवाने त्यानंतर लगेच दुसरी लाट आली आणि हिवाळ्यात मृत्यू पुन्हा वाढले. त्या वेळी मात्र सरकारने हात आखडता घेतला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस जाहीर कार्यक्रमांची मर्यादा आठ माणसांवर आली, जानेवारी २०२१ मध्ये साथीचा विशेष कायदा लागू झाला आणि गर्दीच्या वेळी सार्वजनिक वाहनांत मुखपट्टीची सूचनाही देण्यात आली. स्वेच्छेवर विसंबणारा देश सक्तीकडे झुकला. २७ डिसेंबर २०२० पासून लसीकरण सुरू झाले, वृद्धनिवासांना अग्रक्रम मिळाला, आणि पुढच्या काही महिन्यांत तेथील मृत्यूंचा आलेख झपाट्याने खाली आला. कोणत्याही निर्बंधाला जे साधले नव्हते, ते लशीने साधले.

आयोगाचा अंतिम निवाडा

आयोगाचा अंतिम अहवाल २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष कोणत्याही एका पक्षाला पूर्ण समाधान देणारा नव्हता, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह वाटतो.

आयोगाने म्हटले की, सक्तीऐवजी सल्ल्यावर आणि स्वेच्छेवर भर देण्याचा मार्ग मूलतः योग्य होता. त्यामुळे नागरिकांचे स्वातंत्र्य अन्य अनेक देशांपेक्षा अधिक अबाधित राहिले. लहान मुलांच्या शाळा उघड्या ठेवण्याचा निर्णयही योग्य होता. परंतु फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये अधिक कठोर आणि व्यापक पावले वेळेत उचलायला हवी होती. आल्प्समधून परतणाऱ्यांना किमान आठवडाभर घरी थांबण्यास सांगायला हवे होते. गर्दीच्या बंदिस्त जागा काही काळ बंद ठेवायला हव्या होत्या. मुखपट्टीची शिफारस करायला हवी होती. सरकारने जबाबदारी एका संस्थेवर सोपवून स्वतः मागे उभे राहायला नको होते.

म्हणजे वाद “बंद की उघडे” असा नव्हताच. सुरुवातीला, थोड्या काळासाठी, विचारपूर्वक आणि खंबीरपणे थांबणे, आणि मग माणसांवर विश्वास ठेवून त्यांना जगू देणे, असा तो मधला मार्ग होता. तो दिसला तेव्हा हजारो घरांत खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

आपल्या घरासाठी यातून काय घ्यावे?

आपली परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडे पुष्कळ ज्येष्ठ अजूनही मुलांसोबत राहतात. पण वृद्धाश्रम वाढत आहेत, मुले परदेशी असणारी घरे वाढत आहेत, आणि दिवसाची-रात्रीची पाळी करणाऱ्या मावशी, आया किंवा परिचारक यांच्यावर विसंबून असलेली घरे तर प्रत्येक इमारतीत आहेत. स्वीडनचा अनुभव अशा घरांना काही साध्या गोष्टी सांगतो.

*सेवा करणाऱ्याची रजा हा घराच्या आरोग्याचाच प्रश्न आहे.* ताप-खोकला आला तर येऊ नका, तुमचे पैसे कापले जाणार नाहीत, असे आपल्या मावशींना आजच स्पष्ट सांगून ठेवावे, आणि वेळ आली की ते पाळावे. सुट्टीच्या दिवशी पर्यायी मदत कोण करील, हेही आधीच ठरवावे. वाचवलेल्या एका दिवसाच्या पगारापेक्षा न्यूमोनियाचा एक दिवस फार महाग पडतो.

*घरातील सर्वांनी जपले तरच आजी-आजोबा जपले जातात.* केवळ त्यांना खोलीत बसवून बाकीच्यांनी मोकळे फिरण्यात अर्थ नाही. नातवाला सर्दी असेल तर मुखपट्टी त्याने वापरायची आहे. खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राखणे, हात धुणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्ल्यूची व न्यूमोनियाची लस वेळेवर घेणे, या गोष्टी साथ नसतानाही कराव्यात.

*डॉक्टर प्रत्यक्ष येऊन तपासतील का, हे आधी विचारावे.* आई-वडील वृद्धाश्रमात असतील तर तेथे डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री तब्येत बिघडली तर कोण येते, प्राणवायूची सोय आहे का, रुग्णालयात हलवण्याचा निर्णय कोण घेते, हे प्रश्न प्रवेशाच्या वेळीच विचारावेत आणि शक्य तर उत्तरे लेखी घ्यावीत. वृद्धांमध्ये संसर्ग असूनही कधी कधी ताप येत नाही. अचानक गोंधळल्यासारखे होणे, जेवण तुटणे, तोल जाणे, दिवसभर झोपून राहणे हीच पहिली लक्षणे असू शकतात. असे दिसले तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे.

*भेट बंद करण्यापूर्वी भेटीचा मार्ग शोधावा.* संपूर्ण बंदीपेक्षा एका ठरावीक, निरोगी नातेवाइकाने मुखपट्टी लावून, मोकळ्या अंगणात किंवा उघड्या खिडकीपाशी येऊन बसणे पुष्कळदा शक्य असते. वृद्धाश्रमाच्या चालकांकडे असा आग्रह धरावा. व्हिडिओ कॉल ही सोय आहे, पण हाताच्या स्पर्शाची जागा ती घेऊ शकत नाही.

*आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यांच्यासाठी हे सारे करायचे त्यांना विचारावे.* स्वीडनमध्ये सत्तरीवरील लोकांविषयी निर्णय झाले. एखाद्या आजोबांना अधिक वर्षे हवी असतील, एखाद्या आजींना कमी दिवस चालतील पण नातवंडे जवळ हवीत. दोन्ही इच्छा आदरास पात्र आहेत. संकट नसताना, संध्याकाळच्या चहाबरोबर, हे बोलणे करून ठेवावे. रुग्णालयात जायचे की नाही, कृत्रिम श्वास हवा की नको, निर्णय कोणी घ्यावा, हे घरातील दोघा-तिघांना माहीत असावे.

निर्बंध परिणामकारक होते का, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक पुढेही शोधत राहतील. तेवढ्यात आपल्याला करण्यासारखे एक काम आहे. आज संध्याकाळी मावशी घरी जायला निघतील, तेव्हा त्यांना दोन मिनिटे थांबवून विचारावे, “तुमची तब्येत ठीक आहे ना? बरे नसले तर उद्या येऊ नका, फोन करा. पगाराची काळजी करू नका.” आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या रक्षणाची सुरुवात या एवढ्या बोलण्यातूनही होऊ शकते.